एआयची स्मृती टिकवायची तर काय, कुठे आणि कोणत्या क्रमाने लिहावं

"मेमरी ऑन केलीय, तरी दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागतं." नाहीतर याच्या उलट: "नको ते धरून बसलाय आणि हवं ते विसरलाय." एआय सहायक रोज वापरणाऱ्यांच्या बहुतेक तक्रारी या दोनांत मोडतात आणि दोन्हींचं मूळ एकच आहे. लोक आधी बटण चालू करतात आणि काय लक्षात ठेवायचं ते नंतर ठरवतात. बऱ्याचदा ठरवतच नाहीत.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. भाषा-मॉडेलला, म्हणजे सहायकाच्या आत उत्तर तयार करणाऱ्या यंत्रणेला, मागचं संभाषण आठवत नाही. तुम्ही प्रश्न विचारता तेव्हा ॲप त्याला काही मजकूर जोडतं: तुमच्या कायमच्या सूचना, साठवलेल्या नोंदी, त्या चॅटमधलं आधीचं बोलणं. हे सगळं मिळून मॉडेलपुढे जातं. त्यात जे नाही, ते तुमच्याबाबतीत मॉडेलला ठाऊकच नसतं. म्हणजे स्मृती देणं याचा अर्थ एवढाच, की योग्य मजकूर योग्य वेळी त्याच्यापुढे जाईल अशी सोय करणं. खालचे सगळे टप्पे यावरच उभे आहेत.

उदाहरणासाठी मुंबईकरांच्या ओळखीचं काम घेऊ: हाउसिंग सोसायटीचं सेक्रेटरीपद. नोटिसा, मीटिंगची इतिवृत्तं, मेंटेनन्स थकलेल्यांना पत्रं, लिफ्टवाला, टँकरवाला, महापालिका. काम तेच तेच, पण संदर्भ दर महिन्याला बदलणारे, त्यामुळे स्मृतीची खरी परीक्षा इथे होते. क्लास चालवणाऱ्यांना, सीएच्या ऑफिसला किंवा घरगुती डबे देणाऱ्यांनाही हाच क्रम चालेल.

## टप्पा १: ॲपला हात लावण्याआधी नोंदी लिहा

एक साधी टेक्स्ट फाइल उघडा. वर्डची सजावट नको, एक्सेलही नको. तिचे तीन भाग करा.

स्थिर: वर्षभर सहसा न बदलणाऱ्या गोष्टी. सोसायटीत किती विंग, किती फ्लॅट, नोटीस कोणत्या भाषेत निघते, सभा कुठे भरते, पत्राखाली सही कोणाच्या पदनावाने होते.

चालू: ज्याला शेवट आहे अशा गोष्टी. लिफ्टचं एएमसी (वार्षिक देखभालीचं कंत्राट), टाकीच्या वॉटरप्रूफिंगचं काम, पार्किंगचा वाद, पाणीकपात.

कधीच नाही: सहायकाच्या स्मृतीत जाताच कामा नयेत अशा गोष्टी. आधार आणि पॅन क्रमांक, बँकेचे तपशील, पासवर्ड, कोणाची किती थकबाकी, कोणाच्या घरातलं आजारपण. हा भाग फाइलमध्ये लिहायचा तो यादी म्हणून. प्रत्यक्ष माहिती तिथेही टाकायची नाही.

तिसरा भाग लोक हमखास गाळतात. २०२३ साली आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी साधा व्यवहार आहे: शेजाऱ्याच्या थकबाकीचा आकडा सगळ्यांसाठीच्या नोटिशीच्या मसुद्यात डोकावला, तर जिन्यात तोंड तुम्हाला दाखवायचंय.

आता नोंद कशी लिहायची ते पाहा. वाईट नोंद अशी असते:

> लिफ्टचं काम आता नवीन माणसाकडे दिलंय, पुढच्या वर्षी बघू.

हीच चांगली लिहिली तर:

> लिफ्ट एएमसी (ए आणि बी विंग): १ जून २०२५ पासून नव्या एजन्सीकडे. मुदत ३१ मे २०२६. आधार: कमिटी मीटिंगचं इतिवृत्त, मे २०२५. नोंदीची तारीख: ३ जून २०२५.

पहिल्या नोंदीतला 'आता' म्हणजे कधीचा, हे मॉडेलला कळायला मार्ग नाही. सहा महिन्यांनी वाचलं तरी त्याच्यासाठी तो 'आता' आजचाच असतो. म्हणून 'आता', 'सध्या', 'नुकतंच', 'पुढच्या महिन्यात', 'परवाच्या मीटिंगमध्ये' हे शब्द नोंदीत बंद. त्यांच्या जागी तारीख.

याचा फटका कसा बसतो बघा. जूनमध्ये नोंद केली, "पाणीकपात सुरू आहे, नोटिशीत उल्लेख करावा." पुढे तलाव भरले, कपात उठली. नोंद तशीच राहिली. गणपतीच्या नोटिशीत सहायक रहिवाशांना पाणी जपून वापरायला सांगतो आणि खालून लोक विचारतात, पुन्हा कपात लागली का? सहायकाचं काही चुकलेलं नसतं, त्याला जे दिलं तेच त्याने वापरलं.

कायद्याचे आकडे स्मृतीत साठवू नका, हेही इथेच सांगतो. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, हे सेक्रेटरीला पाठ असतं. तरी उपविधी, व्याजाच्या मर्यादा, मुदती सरकार बदलतं आणि तुमच्या फाइलला त्याचा पत्ता नसतो. स्मृतीत जायचा तो तुमच्या सोसायटीचा ठराव, तारखेसकट. नियम लागेल तेव्हा त्या दिवशी मूळ कागद उघडायचा.

तपासा: फाइल एखाद्या कमिटी मेंबरला वाचायला द्या. तुम्हाला फोन न करता तिला किंवा त्याला प्रत्येक ओळ कळली पाहिजे. अडलं तर तिथे मॉडेलही अडणार, किंवा त्याहून वाईट, न अडता स्वतःच्या मनाने भर घालणार.

## टप्पा २: कोणती नोंद कुठे जाईल ते ठरवा

नावं ॲपगणिक वेगळी असली तरी जागा तीनच.

पहिली, कायमच्या सूचना. चॅटजीपीटीत कस्टम इन्स्ट्रक्शन्स, इतर ॲपमध्ये मिळतीजुळती सोय. हा मजकूर प्रत्येक चॅटसोबत जातो, म्हणून इथे थोडकंच लिहावं: तुम्ही कोण, उत्तर कोणत्या भाषेत हवं, काय टाळावं. जागा मर्यादित असते आणि देवनागरी मजकूर इंग्रजीपेक्षा जास्त टोकन (मॉडेल मजकुराचे जे तुकडे करून मोजतं ते) खातो, तेव्हा पाल्हाळ नको.

दुसरी, प्रोजेक्ट. क्लॉड आणि चॅटजीपीटी दोन्हींत प्रोजेक्ट बनवून त्यात सूचना आणि फाइली ठेवता येतात. तुमची टप्पा १ मधली फाइल इथे येते. माझं स्पष्ट मत आहे की गंभीर कामासाठी हीच मुख्य जागा असावी, कारण काय लिहिलंय ते तुम्हाला दिसतं आणि बदलणं तुमच्या हातात राहतं.

तिसरी, आपोआप स्मृती. सहायक बोलता बोलता स्वतः टिपून ठेवतो ती. चॅटजीपीटीत याच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: एक, जतन केलेल्या नोंदी, ज्यांची यादी पाहता येते, दुसरी, एप्रिल २०२५ पासून आलेली जुन्या चॅट्सचा संदर्भ घेण्याची सोय, जिची ओळीओळीने यादी मिळत नाही. ही स्मृती आवडीनिवडीसाठी ठीक. 'मला छोटी उत्तरं आवडतात' हे तिने टिपलं तर बिघडत नाही. कंत्राटाची मुदत तिच्या भरवशावर सोडू नका.

सावधान: चॅटजीपीटीत चॅट डिलीट केली म्हणजे तीतून जतन झालेली नोंद गेली असं नाही. नोंद पुसली म्हणजे चॅट गेली असंही नाही. एखादी गोष्ट खरोखर काढायची तर दोन्हीकडून काढावी लागते.

आणखी एक: एकच लॉगिन तिघांत वापरायची आपल्या ऑफिसांमधली सवय स्मृतीच्या बाबतीत घातक आहे. सीएच्या ऑफिसमध्ये एकाच्या क्लायंटचा संदर्भ दुसऱ्याच्या पत्रात शिरतो. घरी मुलाचा दहावीचा अभ्यास आणि बाबांच्या सोसायटीच्या नोटिसा एका खात्यावर चालल्या तरी तेच. खातं वेगळं करता येत नसेल तर निदान प्रोजेक्ट वेगळे करा, आणि आपोआप स्मृती बंद ठेवा.

## टप्पा ३: पहिली भरणी

इथे लोकांना मोह होतो तो सगळंच ओतायचा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं अख्खं एक्सपोर्ट, दहा वर्षांची इतिवृत्तं, सगळी बिलं. तसं करू नका. ग्रुपवर एकाच विषयावर चार जणांची पाच मतं असतात आणि मॉडेलला त्यातलं अधिकृत कोणतं हे ठरवता येत नाही. शिवाय मजकूर फार लांबला की मधल्या भागाकडे मॉडेलचं दुर्लक्ष होतं, हे २०२३ च्या संशोधनात दिसलं होतं. नवी मॉडेल्स सुधारली आहेत, तरी कमी आणि नेमकं दिलेलं केव्हाही बरं.

फाइल प्रोजेक्टमध्ये टाका आणि प्रोजेक्टच्या सूचनांत असं काहीतरी लिहा:

> सोसायटीविषयीच्या प्रश्नांना जोडलेल्या नोंदींच्या आधारे उत्तर दे. नोंदीत माहिती नसेल तर 'नोंद नाही' असं सांग, अंदाज करू नकोस. दोन नोंदी एकमेकींशी जुळत नसतील तर दोन्ही तारखांसह दाखव आणि मला विचार. मुदत उलटून गेलेली नोंद वापरण्याआधी मला सांग.

शेवटचं वाक्य विशेष उपयोगी पडतं. फक्त आजची तारीख ॲप मॉडेलला पुरवतं का, ते एकदा विचारून बघा. पुरवत नसेल तर कामाची सुरुवातच तारीख लिहून करा.

## टप्पा ४: तपासणी, तीही नव्या चॅटमध्ये

भरणी झाली की लोक त्याच चॅटमध्ये विचारतात, "आपल्या लिफ्टचं एएमसी कधी संपतं?" बरोबर उत्तर येतं आणि समाधान होतं. ही तपासणी फोल आहे, कारण ती माहिती त्याच चॅटमध्ये वर पडलेली असते. चॅट बंद करा, प्रोजेक्टमध्ये नवी उघडा आणि पाच प्रकारचे प्रश्न विचारा:

1. स्थिर नोंदीतला: सभा कुठे भरते?
2. बदललेल्या नोंदीतला: लिफ्ट कोणत्या तारखेपासून नव्या एजन्सीकडे?
3. नोंदच नसलेला: जनरेटर कोणत्या कंपनीचा?
4. चर्चा झालेला, पण ठराव न झालेला: रिडेव्हलपमेंट ठरलंय का?
5. 'कधीच नाही' यादीतला: सगळ्यात जास्त थकबाकी कोणाची?

तिसऱ्याला 'नोंद नाही' असं उत्तर यायला हवं. पाचव्यालाही तेच. पाचव्याला नाव आलं तर माहिती कुठून झिरपली ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा जोडलेल्या एखाद्या इतिवृत्तात थकबाकीदारांची यादी निघते.

सावधान: "हे लक्षात ठेव" म्हटल्यावर सहायक "हो, लक्षात ठेवलं" म्हणेल. तो सभ्यपणा आहे, पुरावा नव्हे. ज्या ॲपला स्मृतीची सोयच नाही, तिथलं मॉडेलही असं बिनदिक्कत म्हणू शकतं. नोंद झाली का, ते यादी उघडून डोळ्यांनी पाहा.

## टप्पा ५: रोजच्या कामातून नोंदी वाढवणं

स्मृती बिघडते ती बहुधा इथे. काम संपताना सहायकाला हे विचारायची सवय लावा:

> या संभाषणावरून नोंदींत काय बदल सुचवशील? तीन भागांत दे: नवी भर, बदल, काढून टाकायचं. प्रत्येकापुढे आधार लिही. मी नुसता विचार म्हणून बोललेलं किंवा कमिटीत फक्त चर्चा झालेलं 'चर्चा' असं वेगळं लिही. काहीही स्वतःहून जतन करू नकोस.

सुचवलेलं वाचा, हवं ते फाइलमध्ये स्वतः चिकटवा, नवी फाइल प्रोजेक्टमध्ये टाका आणि जुनी तिथून काढा. जुनी काढायला विसरलात तर दोन्ही एकदम वाचल्या जातात आणि कोणती खरी याचा घोळ सुरू होतो.

चर्चा आणि ठराव यांतला फरक मी मुद्दाम सूचनेत घातलाय. तुम्ही रात्री बसून सहायकाला विचारता, "समजा आपण रिडेव्हलपमेंटला गेलो तर आधी कोणते कागद लागतील?" आपोआप स्मृतीत याची नोंद "सोसायटी रिडेव्हलपमेंटच्या तयारीत आहे" अशी पडू शकते. पुढच्या महिन्यात ते वाक्य लिफ्टच्या एजन्सीला लिहिलेल्या पत्रात उतरलं, तर नव्या एएमसीच्या दराची बोलणी तिथेच बिघडली. असे 'समजा'वाले प्रश्न तात्पुरत्या चॅटमध्ये विचारा. चॅटजीपीटीतली टेम्पररी चॅट स्मृतीत भर घालत नाही.

बाहेरून आलेल्या कागदांचंही असंच. एखाद्या पीडीएफमध्ये किंवा वेबपानावर 'यापुढे हे लक्षात ठेव' अशी लपवलेली सूचना असू शकते आणि सहायक ती तुमचीच समजून जतन करू शकतो. २०२४ मध्ये सुरक्षा संशोधकांनी चॅटजीपीटीच्या स्मृतीवर हे करून दाखवलं होतं. अनोळखी कोटेशनं, ब्रोशर वाचायला दिलीत की त्यानंतर जतन नोंदींची यादी एकदा चाळायची.

## टप्पा ६: स्वतःचं ॲप बनवत असाल तर

कोड लिहीत नसाल तर सरळ टप्पा ७ वर जा.

साठवण साधी ठेवा. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसचं एक टेबल पुष्कळ झालं: नोंदीचा मजकूर, विषय, कधीपासून लागू, कधीपर्यंत लागू, आधार, कोणी मंजूर केली. बदल झाला की जुनी ओळ खोडू नका. तिच्या 'कधीपर्यंत' रकान्यात तारीख भरा आणि नवी ओळ घाला. शोधताना फक्त आज लागू असलेल्या ओळी काढा. 'मागच्या वर्षी काय दर होता' असं कोणी विचारलं तर उत्तर तयार असतं.

शोधात मात्र मराठी तुम्हाला अडवणार, आणि इंग्रजीत लिहिलेले धडे याबद्दल सहसा बोलत नाहीत.

एसक्यूलाइटच्या एफटीएस५ या शब्दशोधाच्या सोयीतला नेहमीचा युनिकोड६१ टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) अक्षरं आणि अंक एवढ्यांनाच शब्दाचा भाग मानतो. काना, वेलांटी, मात्रा, हलन्त ही युनिकोडच्या लेखी 'मार्क' वर्गातली चिन्हं, म्हणजे त्याच्या मते शब्द तोडायच्या जागा. 'टाकी' तुटून 'ट' आणि 'क' उरतात. मग टाकी शोधलीत की टीकाही सापडते आणि टोकही. उपाय: टेबल बनवतानाच टोकनायझरच्या कॅटेगरीज पर्यायात मार्कचे वर्गही घाला. तपासा: 'टाकी' आणि 'टीका' अशा दोन ओळी टाकून 'टाकी' शोधा. एकच ओळ यायला हवी.

एवढ्याने भागत नाही. 'ॲप' हा शब्द कीबोर्डनुसार 'ॲप', 'अॅप' किंवा 'ऍप' असा साठतो. डोळ्यांना जवळपास सारखा, मशीनला तीन वेगळे शब्द. नेहमीचं युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करणं) यांना एक करत नाही, तेव्हा बदलाची छोटी तक्ती तुम्हालाच ठेवावी लागते. 'र्‍य' आणि 'ऱ्य' यांचंही तसंच, आणि '५' व '5' यांचंही. साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा एकच सफाई चालवा. एका बाजूला केली आणि दुसऱ्या बाजूला राहिली तर न केल्यापेक्षा वाईट अवस्था होते.

पुढे विभक्ती. 'लिफ्टचं', 'लिफ्टला', 'लिफ्टमध्ये' हे शब्दाच्या सुरुवातीवरून शोधता येतात. पण 'पाणी'चं 'पाण्याचा' होतं आणि 'भाडं'चं 'भाड्याने', तिथे तो उपाय तोकडा पडतो. त्यात निम्मे रहिवासी मराठी रोमन लिपीत टाइप करतात. म्हणून प्रत्येक नोंदीला 'इतर नावं' असा एक रकाना द्या आणि नोंद करतानाच मॉडेलकडून तो भरून घ्या: पाणी, पाण्याचा, टँकर, वॉटर, आणि रोमन लिपीतली रूपं. शब्दशोधाला एम्बेडिंगची (मजकुराचा अर्थ आकड्यांत मांडून जवळच्या अर्थाचं शोधण्याची) जोड द्या, पण मॉडेल बहुभाषिक निवडा आणि तुमच्याच वाक्यांवर तपासा. एम्बेडिंगचं मॉडेल बदललंत तर जुन्या सगळ्या नोंदींचे आकडे नव्याने काढावे लागतात, कारण दोन मॉडेल्सच्या आकड्यांची आपसात तुलना होत नाही.

सापडलेल्या नोंदींपैकी पाच-दहाच मॉडेलला द्या, तारखांसकट, प्रश्नाच्या जवळ. स्थिर सूचना अगदी वर.

एकच स्मृती दोन-तीन सहायकांना वापरू द्यायची असेल तर मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (सहायकांना बाहेरची माहिती आणि साधनं जोडायची सामाईक पद्धत) पाहा. क्लॉड बनवणाऱ्या अँथ्रोपिकने तो नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला. त्याच्या नमुना सर्व्हरांत स्मृतीचाही एक आहे, शिकायला चांगला. त्यातल्या लिहिण्याच्या आज्ञेला माणसाची मंजुरी लावल्याशिवाय खऱ्या कामाला जोडू नका.

## टप्पा ७: सफाई

महिन्यातून एकदा, मेंटेनन्सची बिलं काढता त्या दिवशी, 'चालू' भाग वाचा. मुदत संपलेल्या नोंदी फाइलच्या तळाशी 'बंद' म्हणून हलवा आणि प्रोजेक्टमध्ये टाकायच्या प्रतीतून काढा. वार्षिक सभा, कमिटीची निवडणूक, १ एप्रिल आणि कोणतंही मोठं कंत्राट बदलणं, यानंतर 'स्थिर' भागही वाचायचा. स्थिर म्हणून लिहिलेलं चेअरमनचं नाव निवडणुकीनंतर स्थिर राहत नाही. म्हणूनच नावाऐवजी पदनाव लिहायला सांगितलं.

तरीही सहायक विसरतोय असं वाटलं तर सूचना वाढवत बसण्याआधी या क्रमाने बघा: चॅट प्रोजेक्टच्या आत उघडली होती का? नवी फाइल खरंच चढली होती का? एकाच गोष्टीच्या दोन नोंदी आहेत का? प्रश्नातला शब्द आणि नोंदीतला शब्द वेगळे आहेत का? चौथं कारण लोकांच्या ध्यानातच येत नाही. तुम्ही 'उद्वाहन' लिहून ठेवता आणि विचारता 'लिफ्ट'.

सेक्रेटरी बदलला की खातं देऊ नका, फाइल द्या. नव्या माणसाने ती आपल्या खात्यातल्या नव्या प्रोजेक्टमध्ये टाकून टप्पा ४ चे पाचही प्रश्न पुन्हा विचारावेत. जुन्याने आपल्या खात्यातला सोसायटीचा प्रोजेक्ट, जतन नोंदी आणि त्या ज्यांतून आल्या त्या चॅट्स, तिन्ही पुसाव्यात, आणि पुसल्याचं हस्तांतराच्या कागदावर लिहून सही करावी.